घाटात अडकलेला ट्रक

लातूरहून तूरडाळ घेऊन श्रीनगरला निघालेला बालाजीचा ट्रक घाटात बर्फाच्या वादळात अडकला. इकडं रेणापुरात अंगणात ऊन होतं. चतुराबाईनं लेकाला फोन लावला.

“आई, समदं पांढरं हाय. रस्ताच दिसंना.”

“वाकळ पांघर अन् गाडीतच बस. उतरू नको.”

“अगं, तूच तर आत्ता हाक मारून उतर म्हणालीस की.”

“मी? न्हाई रे!”

फोनमध्ये वारा घोंघावत होता. कुणीतरी काचेवर टकटक केली.

“बाळू, दार उघड.”

आवाज चतुराबाईचाच होता.

“उघडू नको, बाळू!” ती ओरडली.

“आई,” तो रडवेला झाला, “बाहेरची म्हणतीया, फोनवरच्या बाईचं ऐकू नको.”

मग दार उघडल्याचा आवाज आला.