न बुडणारं काम

"ह्ये नाक त्यांचं न्हाय," राजाबाई म्हणाली आणि पदर कपाळाच्या खाली ओढून उभी राहिली.

परशरामच्या हातातली थापी जागच्या जागी थांबली. काल हेच नाक लांब आहे म्हणून त्यानं बसकं केलं होतं. परवा कान मोठे झाले म्हणून छाटले. वाडीतल्या कुणीही यावं, पुतळ्याकडं डोळे बारीक करून बघावं, एक खोट काढून जावं, आणि यानं सिमेंट खरवडून पुन्हा थापावं, असा खेळ चालला होता.

"मग कसं हुतं, वैनी?"

"आता कसं सांगू? नाकावानी नाक."

"एखादा फोटू?"

"सुतक फिटलं तवाच नदीत सोडला."

"फोटू कशाला पायजे?" वाडीचा कारभारी भीमाप्पा मधेच म्हणाला. "आमी काय मेलाव? अजून जरा बसकं हुतं. व्हय का न्हाय रं?"

जमलेल्या बाप्यांनी माना हलवल्या. इतक्या एका ठेक्यात, की लेझमाच्या पथकानं शिकून घ्यावं.

बेळगावच्या सायकल समितीनं जांबोटीपासून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत लांब पल्ल्याची सायकलवाट आखली होती. दर मुक्कामाला काहीतरी कलेचं काम उभं करायचं, कुठं भिंतीवर चित्र, कुठं दगडी हत्ती, अशी अध्यक्ष अप्पासाहेबांची टूम. कोगनोळीच्या अलीकडच्या या वाडीच्या वाट्याला देवाप्पाचा सायकलवर बसलेला पुतळा आला. देवाप्पा म्हणजे राजाबाईचा नवरा, पंचक्रोशीतला सायकलवेडा. जत्रेच्या मैदानात आठवडाभर जमिनीला पाय न लावता सायकल फिरवायचा. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर. एक दिवस काश्मीरला म्हणून निघाला आणि झेलम नदीत वाहून गेला, अशी बातमी तेवढी परत आली.

अप्पासाहेबांचा दंडक कडक होता. हयात माणसाचा पुतळा समिती बसवत नाही. देवाप्पा त्यात बसला. पुतळ्यापायी समितीनं शेजारीच सायकलवाल्यांसाठी बोअर मारून दिली होती, आणि वाडीतल्या बायकांची ओढ्यावरनं घागरी वाहायची पीडा टळली होती.

परशरामची पीडा वेगळी होती. तो निपाणीचा गणपतीवाला. आज्यानं केलेले गणपती वेदगंगेच्या तळाला, बापानं केलेले तळाला, त्यानं स्वतः केलेलेही तळालाच. जन्मात एक तरी न बुडणारं काम करायचं, एवढीच त्याची आस. आणि काम देताना अप्पासाहेबांनी बजावलं होतं, "चेहरा हुबेहूब पाहिजे. देवाप्पाला मी ह्या डोळ्यांनी बघितलोय. जुळलं नाही तर तिथंच फोडायला लावतो आणि कोल्हापूरचा कारागीर आणतो."

अनावरण उद्यावर आलं होतं आणि पुतळ्याला नाक नव्हतं.

माणसं पांगली. मागं राहिला तो मष्णू, सिमेंट कालवायला वाडीनं दिलेला गडी. सिमेंटानं ठसका लागतो म्हणून तोंडाला कायम टॉवेल गुंडाळलेला.

"परशरामअण्णा, मांड्या मातर झ्याक जमल्यात," तो टॉवेलातनं म्हणाला. "छाती अजून वाईच रुंद करा की."

"छातीचं कुणाला पडलंय रं? तोंड आण कुठनं तर!"

मष्णू हसत बोअरवर गेला, टॉवेल सोडून त्यानं तोंडावर पाणी मारलं. परशराम बघतच राहिला. काय चेहरा! हाडं कशी जागच्या जागी. उन्हातान्हात तापून निघालेला, लांबच्या वाटेवर डोळा लावून बसलेला.

नाहीतरी फुटायचंच आहे, तर फुटेल ते चांगलं तरी असू दे. त्यानं भोवतीनं गोणपाटाचा आडोसा केला, वाडीला बाहेर ठेवलं आणि दिवस मावळायच्या आत मष्णूचं तोंड देवाप्पाच्या खांद्यावर बसवलं.

काम झाल्यावर मात्र त्याला चूक उमगली. पुतळा आणि गडी शेजारी उभे राहिले तर आंधळ्यालाही कळलं असतं. त्यानं मष्णूला आडोशाच्या आत ओढलं.

"तुज्या पाया पडतो. उद्या साहेबांच्या म्होरं येऊ नगंस."

मष्णूनं वर बघितलं आणि टॉवेल तोंडावर गच्च ओढला.

"अण्णा, ह्ये काय करून बसलासा!"

"चुकलं बाबा. पर सिमेंटानं धरलंय आता. कुनाला बोलू नगंस."

"न्हाय बोलत. येत बी न्हाय," मष्णू म्हणाला. पण तिथनं हलेना. मान तिरकी करून बघतच बसला.

सकाळी अप्पासाहेबांची जीप आली. भीमाप्पानं नारळ फोडला. अप्पासाहेबांनी दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

राजाबाईनं किंकाळी फोडली.

भीमाप्पानं डोकं धरलं. बायका पदर तोंडात कोंबून उभ्या राहिल्या. संपलं, परशरामला वाटलं. गड्याला ओळखलं सगळ्यांनी. विधवेच्या नवऱ्याच्या नावावर सिमेंट कालवणाऱ्याचं तोंड!

अप्पासाहेब पुतळ्याजवळ गेले. भोवतीनं फिरले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. जीपच्या मागल्या बाजूला पडलेला घण परशरामला इथनं दिसत होता.

"परशराम," अप्पासाहेब म्हणाले. "फोटो नाही, काही नाही, आणि हे केलास कसं? छलो! लई छलो काम! अरे, हा देवाप्पाच! तेच नाक, तेच कान. असाच बसलेला मी बघितलोय त्याला!"

परशरामला काही उमगेना. त्यानं लोकांकडं बघितलं. टाळी कुणीच वाजवत नव्हतं.

अप्पासाहेब भाषणासाठी वळणार, तेवढ्यात गर्दीच्या मागं एका धोंड्यावर मष्णू चढला. राहवलं नसावं. पुतळा नीट दिसावा म्हणून त्यानं टॉवेल गळ्यात घेतला होता.

राजाबाईनं झटक्यात त्याच्याकडं मान वळवली आणि दातओठ खात पुटपुटली, "अवो, त्वांड झाका की आदी!"