टेबल झालं की

ऑफिसात सगळे तिला फूटपट्टी म्हणत. तिने स्वतःच्या हातांनी जेवणाचं टेबल केलं होतं, चार खुर्च्याही आणल्या होत्या. पण तिच्या भाड्याच्या खोलीत अजून कुणी पाऊल ठेवलं नव्हतं.

"घरी कधी बोलावतेस?" शेजारी बसणारी मैत्रीण विचारायची.

"टेबल जरा डुगडुगतंय गं. ते झालं की लगेच."

ते काही होईना. सुट्टी आली की ती करवत काढायची आणि एक पाय नखभर कापायची. मग दुसरा लांब वाटायचा. कापता कापता टेबल पार गुडघ्याखाली आलं. शेवटी मैत्रिणीने विचारणंच सोडलं. एका रविवारी ती आणखी दोघींना घेऊन थेट दारात उभी राहिली.

टेबल बघून ती खो खो हसली. "अगं, हे मोठं कधी होणार?"

फूटपट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिघींनी खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि टेबलाभोवती जमिनीवरच फतकल मारली. चहा आला, गप्पा रंगल्या. फूटपट्टी मात्र जीव मुठीत धरून कपांकडे बघत होती. एकही कप हिंदकळला नाही.

चहा संपला तसं मैत्रिणीने टेबलावर टेकलेलं कोपर उचललं. टेबल खट्कन कललं.

"अय्या, हे अजून डुगडुगतंय की गं!"

"मग कोपर काढू नकोस ना," फूटपट्टी म्हणाली. "अजून एकेक कप टाकते."