काळ्या शिपायांची कविता

“उठू नको. पुन्यांदा म्हण,” येसूबाई म्हणाली आणि दाराला पाठ लावून बसली.

तिची सून चैताली एम.ए.च्या परीक्षेची इंग्रजी कविता तिला मराठीत सांगत होती. अमेरिकेचे काळे शिपाई परमुलखात लढले, तिथंच मेले. मायदेशी मात्र त्यांची पंगतसुद्धा वेगळी.

“ज्यांनी पंगतीला घेतलं न्हाई त्यांच्यापायी मेले? लय येडे गं!”

“येडे नाहीत, आई. बघा, कवीनं चाल कशी दिलीय. एका ओळीत चार ठोके, कवायतीसारखे.” चैतालीनं पाटावर बोटं वाजवली. “दोन-दोन ओळींचं यमक. आणि दर कडव्याच्या शेवटी तेच, नाव घ्या त्यांचं, नाव घ्या.”

येसूबाईनं मागं हात नेऊन दाराची कडी चाचपली. सकाळीच नळावर शेजारच्या शालूबाईनं हात धरून सांगितलं होतं, तुझा समर्थ गेला. सीमेवर. त्याला घेऊन गाडी पुण्याहून निघालीय. आता गाडी दारात येईस्तवर त्याच्या बायकोला कळू द्यायचं नाही, गावाची रीतच तशी. पोटचा गेला तरी रडायची चोरी!

तिनं सुनेचा फोन पिठाच्या डब्यात लपवला होता, टीव्हीची वायर काढली होती. पोरीनं फोन कुठंय म्हणून एकदाही विचारलं नाही. अभ्यासात बुडाली की तिला कशाची शुद्ध नसते. बरंच झालं, बाई.

बाहेर मांडवाचे बांबू धाडकन पडले. चैतालीनं आवाज चढवला.

“शेवटच्या कडव्यात यमक तुटतं, आई.”

“का गं?”

“जोडीची ओळ येतच नाही.”

येसूबाईला हुंदका आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला, खोकल्याचं निमित्त केलं. “म्हण, पुन्यांदा म्हण. पयल्यापासनं.”

चैताली मुकाट्यानं पहिल्यापासून म्हणू लागली. येसूबाई घोटभर पाण्यासाठी माठाकडं गेली आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. ती वळेपर्यंत चैतालीनं दार किलकिलं केलंसुद्धा. बाहेर भावकीतले महिपती आबा उभे होते.

आता पोरीला कळणार! येसूबाई तांब्या टाकून धावली. सुनेच्या मागं पोचली, तर ती दबक्या आवाजात बोलत होती.

“गाडी आली का, आबा? तुम्ही सांगितलं तसं सकाळपासून गुंतवून ठेवलंय. आईंना अजून काहीच कळू दिलं नाही.”