अपुरी रांग

शिंप्याची बायको गणिताची मास्तरीण होती. शेवटच्या आजारात बरणीतली एक हजार नऊ बटणं दाखवून ती हसत म्हणाली होती, "यांच्या एकसारख्या रांगा लागल्या, की मी परत आले समजा."

ती गेल्यापासून जेवण झालं, की शिंपी मजेत बटणं मांडत बसे.

"बाबा, ही अविभाज्य संख्या आहे. आईनं थट्टा केली तुमची," लेक म्हणायची. "कशाही मांडा, शेवटची रांग अपुरीच राहणार."

"राहू दे की. मला कुठं घाई आहे?"

आज शेवटची रांग पुरी भरली.

"एखादं हरवलं असेल," म्हणत लेकीनं बटणं मोजली. एक हजार नऊच होती. ती पुन्हा मोजू लागली.

शिंप्यानं दाराची कडी काढली आणि आरशासमोर उभं राहून तो निवांत केस विंचरू लागला.