किती माणसं लागतात

"तिच्या गाडीचा नंबर पाह्यला का?" रुची खिडकीतून वाकून म्हणाली. "नागपूरची बाई म्हणतेत, अन् नंबर तं आपल्या गोंदियाचाच हाये."

"मामाची असन गाडी," ओमेश म्हणाला. "नंबर नको पाहू. काम दाखव, काम!"

गोरेगाव रोडवरच्या त्या राइस मिल कंपनीत कंप्युटरची सगळी बाजू तिघांवर होती. ओमेश, रुची आणि टिंकू. बिलं, कॅमेरे, हजेरीची मशीन, ट्रक तोलायचा धरमकाटा. कुठंही काही अडलं की तिघांपैकी एकाच्या नावानं हाका सुरू. आणि आज सकाळी शेठजींचा मुलगा हिमांशू दारातच उभा राहून सांगून गेला होता, "दुर्गेश्वरी मॅडम हफ्ताभर इथं बसतील. सगळं दाखवा. मग ठरवू, या खोलीत किती माणसं लागतात."

बस, एवढंच. पण त्यानंतर खोलीतला पंखासुद्धा दबकत फिरतोय असं वाटायला लागलं.

मॅडम साधीच होती. हातात स्टीलचा डबा, पायात चपला. ओमेशजवळ खुर्ची ओढून बसली.

"काटा अडकला तर काय करता?"

ओमेशनं सांगितलं.

"मी करून बघू?"

एकदा चुकली, दुसऱ्यांदा जमलं. काय बारीक तपासणी आहे, ओमेशला वाटलं. कोण खरं काम करतं आणि कोण नुसतं बसून खातं, हे असंच पकडत असतील. मग त्यानं हातचं काही राखलंच नाही. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कुठं साठतं, बिल छापताना प्रिंटर कुठं रुसतो, सगळं सगळं! रुचीनं बिलांतल्या खाचाखोचा दाखवल्या. टिंकू तर कॅमेऱ्याच्या वायरी दाखवायला मॅडमला शिडीवर चढवायलाच निघाला होता.

"बाई हाये ते, माकड नाही," रुचीनं त्याला खाली ओढलं.

दुपारी ओमेशनं मॅडमला गेटवर नेलं. तिथं हजेरीची मशीन होती. मिलमधल्या बाया रांगेत उभ्या होत्या. कोंड्यानं भरलेला अंगठा मशीन घेत नाही, म्हणून धुरपताबाईनं तो आधी पदराला पुसला, मग कपाळावर घासला आणि टेकवला.

"थँक यू," मशीन बोलली.

"खुश राह्य माय," धुरपताबाई मशीनलाच म्हणाली. रोज म्हणायची. रांग रोज हसायची.

मॅडमही हसली. "नवीन माणूस यात कसा टाकता?"

"द्या, तुमचाच अंगठा द्या." ओमेशनं टाकून दाखवला.

"आणि काढायचा कसा?"

मिल सोडून गेलेल्या उदारामचं नाव अजून आत होतं. ओमेशनं ते पुसून दाखवलं. "तुमचं मग काढतो," तो म्हणाला आणि कामात विसरून गेला.

शुक्रवारी हिशोबवाले केशोराव चहाच्या टपरीवर हळूच बोलले, "ऐकलं का? एकच ठेवणार म्हणते."

ओमेशचा चहा तसाच राहिला. एकच! घरी शामकलेला सातवा महिना. कुडव्यातली खोली भाड्याची. रुचीला बाप आहे, टिंकूला भाऊ आहेत. आपल्याला कोण आहे?

मॅडम डबा खात होती. तो समोर जाऊन बसला.

"मॅडम, खरं सांगू? इथं एकच माणूस पुरे. रुची बिलं टाकते, टिंकू वायरी ओढते. त्यात का हाये मोठं? बाकीचं तं मीच करतो."

मॅडमचा घास हातातच थांबला. "एकाला झेपेल?"

"सगळं माहीत असलेला असला, तं आरामात."

"हे हिमांशूसरांना सांगाल?"

सांगितलं. हिमांशूनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "पक्का? देख लो. एक जण करू शकतो?"

"पक्का, सर."

तो खोलीत परतला, तर टिंकू हळदीची बोटं लावलेली पत्रिका घेऊन उभा. "पहिली पत्रिका तुले, भाऊ! मुलीचा बाप म्हणे, पोरगा कंप्युटरवर हाये, मंग का पाहाचं!"

ओमेशनं पत्रिका घेतली. तिची हळद त्याच्या बोटांना लागली.

शनिवारी रुचीला आणि टिंकूला आत बोलावलं. बाहेर आल्यावर रुचीनं आपला चहाचा कप पिशवीत टाकला आणि कुणाकडं न बघता निघून गेली. टिंकू मात्र थांबला.

"तुयं का झालं, भाऊ?"

"मले नाही बलावलं."

"चाल, बरं झालं," टिंकू म्हणाला आणि त्यानं खरोखर सुस्कारा सोडला. "तू तरी वाचला. वहिनीले सातवा महिना, मले तेच टेन्शन होतं."

ओमेशनं टेबलावरची पत्रिका उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

संध्याकाळी मॅडमनं सगळे पासवर्ड मागितले. ओमेशनं एकेक करून दिले. निघताना ती दारात घुटमळली. "तुम्ही लय चांगलं समजावून सांगता," ती म्हणाली आणि मान खाली घालून गाडीकडं गेली.

सोमवारी तो नवा शर्ट घालून लवकरच गेटवर पोहोचला. रांगेत पहिला. अंगठा टेकवला.

"प्लीज ट्राय अगेन," मशीन बोलली.

"कोंडा लागला असन रे बाबू," मागून धुरपताबाई म्हणाली. "कपाळाले घास."

त्यानं घासला. टेकवला.

"प्लीज ट्राय अगेन."

पुन्हा घासला, जोरानं.

"जरा सरकता काय?"

स्टीलचा डबा डाव्या हातात घेत मॅडम पुढं झाली. तिनं त्याच्याकडं न बघता अंगठा टेकवला.

"थँक यू."

"खुश राह्य माय," धुरपताबाई म्हणाली आणि सारी रांग हसली.