नमुन्याचा हात

वहिनींनी गोदामाची चावी काउंटरच्या काचेवर ठेवली, आवाज होणार नाही अशी. त्या मालकांची नवी सून. वयानं काउंटरवर क्रीम विकणाऱ्या मावशींच्या धाकट्या लेकीएवढ्या, पण दुकानात सगळ्यांच्याच वहिनी. बोलल्या अगदी साखर घोळून. उद्यापासून मावशींनी मागे बसायचं, आलेला माल लावायचा, खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. दिवसभर उभं राहणं नाही, गिऱ्हाइकांची कटकट नाही. मावशी डब्यांची झाकणं पुसत राहिल्या, तेव्हा कुठे खरं कारण बाहेर आलं.

"सुरकुत्यांचं क्रीम घ्यायला आलेली बाई आधी तुमचं तोंड बघते, मावशी. राग मानू नका."

मावशींनी राग मानला. दाखवला नाही, एवढंच. त्यांचा सगळा जीव या कटकटीतच होता. गोदामात काय, खोक्यांशी गप्पा मारायच्या?

तेवढ्यात चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई आत आली. या क्रीममधल्या झाडपाल्याच्या अर्कानं सैल पडलेली कातडी खरंच आवळते का, असं तिनं सरळच विचारलं. वहिनी पुढे सरसावल्या. कोरफड झाली, ग्रीन टी झाला, त्वचेची लवचिकता झाली, महिन्याभरात पडणारा फरक झाला. चष्मेवालीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती मावशींकडे वळली.

"तुम्ही लावता का हो?"

हो म्हणा, असं वहिनींनी डोळ्यांनीच बजावलं. मावशींनी दोन्ही हात काचेवर पालथे ठेवले.

नमुना लावून दाखवायचा तो नेहमी डाव्या हाताच्या पाठीवर. वर्षानुवर्षं, दिवसातून कितीदा तरी, हेच क्रीम तिथंच चोळलेलं. त्यांनी डाव्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चटकन जागेवर बसली. उजव्या हातावरची सोडली, तर तिची घडी तशीच उभी राहिली आणि मग सावकाश, उपकार केल्यासारखी, खाली आली.

"यात अर्क किती आणि चोळणं किती, ते मला विचारू नका," मावशी म्हणाल्या. "कातडी मऊ राहते. गेलेलं वय काही परत येत नाही."

चष्मेवाली हसली. तिनं स्वतःच्या हाताला चिमटा काढून पाहिला आणि लहान डबी मागितली. हातांपुरती.

ती दाराबाहेर पडेपर्यंत वहिनींनी कसाबसा दम धरला. मग इतकी वर्षं तोंडाला का नाही लावलंत, त्यांनी विचारलं. फुकट तर मिळत होतं. लावलं असतंत तर आज ही वेळच आली नसती.

"हात दुकानाचा आहे, वहिनी. तोंड माझं."

मावशींनी उजव्या हातानं चावी त्यांच्याकडे परत सरकवली. मग नमुन्याची डबी उघडली, आणि दारातून आत येणाऱ्या दोघींकडे बघत डाव्या मनगटावरचं घड्याळ वर सारलं.