रानकबुतरांचं बेट

"बाई, माझो भाव मरतलो. बोट लावक द्या," मच्छीमार बोटीचा तांडेल वादळातून हात जोडून ओरडत होता.

वनरक्षक रेवती तोरसकर बेटाच्या धक्क्यावर उभी होती. अशाच बोटींतून आलेल्या उंदरांनी इथली रानकबुतरं जवळजवळ संपवली होती. कित्येक वर्षं सापळे लावून तिने उंदीर निपटून काढले, तेव्हा कुठे यंदा घरट्यांत पिल्लं दिसली होती. तपासल्याशिवाय बोट लावू द्यायची नाही, हा नियम तिचाच. पण तांडेलाच्या भावाच्या, दोरात सापडून तुटलेल्या पायातून रक्त वाहत होतं, आणि तपासायला वेळ नव्हता.

"लावा," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ती जखम दाबून बसली. वादळ ओसरायच्या आत तांडेलाचा भाऊ गेला. तांडेल तिच्या पाया पडला. "तुमी व्हतास म्हणान तेचो जीव जमनीर तरी गेलो."

पंधरवड्याने घरट्याखाली कुरतडलेलं पिल्लू सापडलं. त्या बोटीतून उंदीर उतरले होते. तीच बोट उद्या पुन्हा आली तरी आपण 'लावा'च म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. तिने पिल्लू मातीत पुरलं आणि पुन्हा लावायला सापळे बाहेर काढायचे म्हणून ती खोपीकडे वळली. वर रिकाम्या घरट्याशी मादी घुमत होती.